लांब केंसांच्या मांजराची निगा

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, रे रोड, मुंबई)

शेतकऱ्यांच्या मासिकांत मांजराच्या विंचरणीवर लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. सबब त्याचें उत्तर प्रथम देतों. गांवांतील मांजर हें आजवर कोठाराचें राखणदार. आपले केंस तें आपणच चाटून साफ करी, आणि आपणांस तिकडे पाहण्याचें कारण पडत नसे. परंतु आतां मुंबईंत आपल्या मुलाबाळांच्या बिऱ्हाडीं रॅगडॉल, पर्शियन अशा परदेशी जातींचीं लांब केंसांचीं मांजरें आलीं आहेत. रे रोड, लालबाग, परळ या भागांतील पुष्कळ कुटुंबांचें मूळ गांव कोंकणांत किंवा घाटावर आहे. मे महिन्याच्या सुट्टींत हीं कुटुंबें गांवीं येतात, तेव्हां करंडींतून मांजरहि येतें. आणि कित्येकदां मुलें परत गेलीं तरी मांजर आजी-आजोबांच्या हवालीं राहतें. ज्याच्या पायास कधीं माती लागली नाहीं असें हें जनावर एकाएकीं कुसळांच्या, गोचिडांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या मुलखांत येऊन पडतें. तेथें अज्ञानामुळें तें दोन दिवसांत दगावूं शकतें. म्हणून हा लेख.

यांतील मुख्य सूत्र वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावें : मांजराच्या केंसांवर जें पडतें, तें त्याच्या पोटांत जातें. पुढील सर्व नियम या एका वाक्यांतून निघतात.

वखारीचें मांजर व हौसेचें मांजर

रे रोड हें नांव १८८५ ते १८९० या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्यावरून पडलें. येथील स्टेशन १९१० सालीं कुर्ल्याहून निघालेल्या हार्बर शाखेबरोबर सुरू झालें. स्टेशनाच्या पूर्वेस दारूखाना, लकडी बंदर, कोळसा बंदर. आणि पुढें शिवडीच्या बाजूस हे बंदर, म्हणजे गवताचें बंदर. १९०८ ते १९१२ या वर्षांत माझगांव ते शिवडी अशी समुद्राची मोठी भरणी झाली व त्या जागेवर वखारी उभ्या राहिल्या. जेथें वखार तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें मांजर, हें सांगावयास नको.

जनावराच्या केंसांत काय वसतें, हा प्रश्नहि मुंबईस नवा नाहीं. १८९६ सालीं प्लेगानें येथें प्रथम डोकें वर काढलें तें मांडवी भागांत, धान्याच्या वखारींच्या वस्तींत. पुढें १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग कमिशनानें जें काम केलें, त्यानें उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात हें निर्विवाद ठरलें. त्याच सुमारास, १९०८ सालीं, अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनीं, ज्या गांवांत मांजरें पुष्कळ त्या गांवांत प्लेग कमी, असें मत मांडून मांजरें पाळण्याचा पुरस्कार केला होता. मांजरासहि प्लेग होऊं शकतो आणि त्याच्या अंगावरहि पिसवा राहतात, हें ध्यानांत घेतां उंदीर मारणारें मांजर असणें जितकें हिताचें, तितकेंच त्याचें अंग निर्मळ असणेंहि अगत्याचें आहे.

वखारीच्या मांजराचे केंस आंखूड. त्याची जीभ त्यास पुरते. रॅगडॉलची गोष्ट निराळी. ही जात १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं रिव्हरसाइड येथें अ‍ॅन बेकर नांवाच्या बाईंनीं निवड करून तयार केली. उचलून घेतलें असतां हें मांजर अंग सैल सोडतें, म्हणून त्यास चिंध्यांच्या बाहुलीचें नांव मिळालें. वाढ पूर्ण होण्यास चार वर्षांपर्यंत लागतात, आणि पूर्ण वाढलेला बोका सात ते नऊ किलो भरतो. डोळे निळे, केंस रेशमी व लांबट, स्वभाव गरीब.

शेतकऱ्यास हा भेद गुरांवरून सहज उमजेल. डांगी गाईच्या कातडीस जात्याच तेलकटपणा असतो. त्यामुळें सह्याद्रीच्या मुसळधार पावसांत ती निभावते. होल्स्टीन संकरित गाय दूध अधिक देते, पण तिला सावली, पाणी व औषध वेळेवर लागतें. माणसानें जो गुण मुद्दाम निवडून वाढविला, त्याची राखण माणसाच्याच अंगावर येते. लांब केंस हा मांजराच्या गरजेनें आलेला गुण नव्हे, आपल्या हौसेनें वाढविलेला आहे. म्हणून त्यांची निगा हें आपलें कर्तव्य ठरतें.

केंस व जीभ यांची रचना

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक ताठ कांटे असतात. २०१८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, या कांट्यांचीं टोंकें पळीसारखीं पोकळ असून त्यांतून लाळ केंसांच्या मुळापर्यंत पोंचते. ती लाळ सुकतांना अंग थंड होतें. मांजरास घाम प्रायः पायांच्या तळव्यांसच येत असल्यामुळें उन्हाळ्यांत या चाटण्याचें महत्त्व फार. मात्र कांट्यांचें तोंड घशाकडे असल्यानें जिभेस लागलेला केंस, धूळ, तेल, औषध हें सर्व तें गिळतें. त्यास थुंकतां येत नाहीं.

गिळलेले केंस बहुधा विष्ठेवाटे जातात; उरलेल्यांचा लांबट गोळा होऊन तो ओकारींतून पडतो. महिन्यांतून एखादे वेळीं असें होणें चिंतेचें नव्हे. परंतु मांजर वारंवार ओकूं पाहतें आणि कांहीं पडत नाहीं, अन्न सोडतें, पोट फुगतें, अशीं लक्षणें दिसल्यास गोळा आंतड्यांत अडकला असण्याचा संभव असतो व तेथें घरगुती उपाय चालत नाहीं. विंचरणीनें फणींत जितके केंस येतील, तितके पोटांत जाण्याचे टळतील, हा साधा हिशोब आहे.

रॅगडॉलच्या केंसांत आंतील मऊ लव पर्शियनपेक्षां कमी असते. त्यामुळें त्याचा गुंता सर्वांगास न होतां घासणीच्या जागीं होतो. त्या जागा अशा : कानांमागें, गळ्याखालीं, पुढील पायांच्या काखांत, पोटावर, मागील मांड्यांच्या आंत आणि शेपटीच्या मुळाशीं.

विंचरण्याची रीत

साहित्य थोडें लागतें. रुंद दात्यांची धातूची फणी, पिसवांसाठीं बारीक दात्यांची फणी, मऊ तारांचा ब्रश, थोडें मक्याचें पीठ आणि एक जुनें धोतराचें फडकें, एवढें पुरे. आठवड्यांतून दोन-तीनदां विंचरावें. केंस झडण्याच्या दिवसांत रोज. एका बैठकीस दहा मिनिटांहून अधिक वेळ घेऊं नये.

(१) मांजर खाऊन स्वस्थ झाल्यावर तें मांडीवर किंवा खाली फडक्यावर घ्यावें. धरून, दाबून, ओरडून कांहीं साधत नाहीं; एकदां भ्यालेलें मांजर फणी पाहतांच पळूं लागतें.

(२) प्रथम हातानें सर्व अंग चाचपावें. बोटांस गांठ, खपली, ओलसर जागा किंवा कुसळ लागतें काय हें पाहावें.

(३) डोकें, मान व पाठ यांपासून आरंभ करून केंसांच्या कलानें रुंद फणी फिरवावी. मग कुशी, शेपटी आणि शेवटीं पोट व मांड्या. पोट ही मांजराची नाजूक जागा असल्यामुळें तेथें हात हलका असावा.

(४) फणी वरवर न फिरवतां कातडीपर्यंत पोंचली पाहिजे. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या केंसांखालीं मुळाशीं गुंता दडलेला असतो, आणि पुष्कळ घरीं ब्रश रोज फिरत असूनहि मांजर गुंत्यांनीं भरतें तें याच कारणानें.

(५) शेवटीं बारीक फणी मानेवरून व शेपटीच्या मुळाशीं फिरवून ती पांढऱ्या ओल्या कागदावर झाडावी. पडलेल्या काळ्या कणांभोंवतीं तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे जनावराचेंच पचलेलें रक्त, असें समजावें.

गुंते व कुसळें

गुंता सांपडल्यास त्याचें मूळ कातडीजवळ चिमटींत धरावें, म्हणजे ओढ कातडीस लागत नाहीं. त्यावर मक्याचें पीठ भुरभुरावें व टोंकाकडून मुळाकडे फणीच्या एका-दोन दात्यांनीं थोडा थोडा सोडवीत जावा. कात्री लावूं नये. मांजराची कातडी पातळ व सैल असते. गुंता ओढला कीं ती त्याबरोबर वर उचलून येते, आणि केंस कापतों अशा समजुतीनें माणूस कातडी कापतो. पाठीवर किंवा पोटावर नमद्यासारखा थर झाला असेल, तर तो पशुवैद्याकडून यंत्रानेंच काढवावा. अशा थराखालीं कातडी ओली राहून कुजते व जखमेंत माशी बसून किडे पडतात.

गांवाकडे याहून मोठें भय कुसळांचें. पावसाळा सरल्यावर कुसळी गवत, आघाडा, गोखरू यांचीं बीजें लांब केंसांत धरून बसतात. कुसळाचें टोंक भाल्यासारखें. तें एकाच दिशेनें पुढें सरकतें आणि बोटांच्या बेचक्यांत, काखेंत किंवा कानांत शिरून कातडीखालीं जातें. म्हणून अशा दिवसांत मांजर बाहेरून आलें कीं त्याचे चारी पंजे, काखा व कान त्याच वेळीं तपासावे. मांजर एकसारखें डोकें झाडतें किंवा एकच पाय चाटीत राहतें, तर तेथें कांहीं तरी रुतलें आहे असें धरून चालावें.

उन्हाळ्यांत भादरावें काय ?

मुंबईच्या उकाड्यांत इतके केंस पाहून लोकांस दया येते आणि ते मांजर भादरून आणतात. हें करूं नये. नीट विंचरलेले केंस ऊन व उष्णता कांहीं अंशीं बाहेरच अडवितात. भादरलेल्या गोऱ्या कातडीस मात्र ऊन भाजतें. शिवाय रॅगडॉलचा रंग उष्णतेवर अवलंबून असतो. त्याचीं पिलें जन्मतः जवळजवळ पांढरीं असतात. पुढें कान, नाक, पाय, शेपटी या अंगाच्या थंड भागांवर गडद रंग धरतो, कारण रंग तयार करणारें द्रव्य त्याच्या शरीरांत थंड जागींच काम करतें. पाठ भादरली कीं ती कातडी थंड पडते व तेथें येणारे नवे केंस काळपट येतात. ते झडून मूळचा रंग येण्यास पुष्कळ महिने जातात.

उकाड्यावर खरा उपाय म्हणजे सावलीची फरशी, वारा, दोन-तीन ठिकाणीं ठेवलेलें ताजें पाणी आणि गुंता नसलेले केंस. निरोगी मांजराच्या अंगाचें उष्णमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतें. तें तोंड उघडून धापा टाकूं लागलें, तर त्यास तत्काळ थंड जागीं न्यावें, अंगास साधें पाणी लावावें व पशुवैद्यास गांठावें. बर्फाचें पाणी ओतूं नये.

स्नान व पावसाळा

मांजरास वारंवार न्हाऊं घालण्याची गरज नसते. अंग तेलकट किंवा घाण झालें तरच न्हाऊं घालावें. आधीं विंचरावें, मग पाणी घालावें. कारण ओला झालेला गुंता आवळून दोरासारखा होतो. पाणी कोंबट, साबण मांजरांसाठीं केलेला. आपला अंगाचा किंवा कपड्यांचा साबण वापरूं नये. साबणाचा अंशहि राहूं न देतां धुवावें, आणि मुळापर्यंत कोरडें करावें.

आषाढ-श्रावणांत दमट हवेनें केंस मुळाशीं ओलसर राहतात व नायटा होतो. हा बुरशीचा रोग असून लांब केंसांच्या मांजरांत विशेष आढळतो, आणि तो माणसांस, प्रामुख्यानें लहान मुलांस, लागतो. त्याचें बीज घरांत गळलेल्या केंसांवर वर्षाहून अधिक काळ जिवंत राहूं शकतें. प्रस्तुत लेखकाच्या कन्येच्या घरीं असें मांजर आहे. विंचरतांना त्याच्या कानामागें रुपयाएवढी केंस गेलेली जागा तिला दिसली. तिनें त्याच दिवशीं तें दाखविलें, अंथरुणें उकळत्या पाण्यांत धुतलीं, आणि रोग एका मांजरावरच थांबला. आठ दिवस फणी फिरली नसती, तर घरांतील मुलांच्या अंगावर तो उठला असता.

औषध कोणतें व विष कोणतें

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग. शेतकऱ्याच्या घरीं पिसू-गोचिडांवरील औषधें असतातच; गाईस चालतें, कुत्र्यास चालतें, तें मांजरास कां चालूं नये, असें मनांत येतें. पण मांजराचें यकृत निराळें आहे. कित्येक द्रव्यें निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची जी शक्ति इतर जनावरांच्या यकृतांत असते, ती मांजरांत फार तोकडी आहे. म्हणून पुढील यादी घरांत सर्वांस वाचून दाखवावी.

पर्मेथ्रिन हें कुत्र्याच्या मानेवर घालावयाच्या कांहीं औषधांत असतें. तें मांजराच्या अंगावर घातलें असतां कांहीं तासांत कापरें व झटके येऊन मरण ओढवूं शकतें. त्याच कुळांतील सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन आपण पिकांवर व गुरांच्या अंगावर वापरतों. नुकतें औषध लावलेल्या कुत्र्यास बिलगून निजलेलें मांजरहि बाधतें. गोचिडांवरील अमिट्राझहि मांजरास वर्ज्य समजावें.

फिनेलानें पुसलेल्या ओल्या जमिनीवरून मांजर चालतें व मग पंजे चाटतें. अशा रीतीनें तें विष पोटांत जातें. रॉकेल, डांबराच्या गोळ्या, कापूर, निलगिरीचें तेल, कडुनिंबाचें तेल यांपैकीं कांहींहि केंसांस लावूं नये. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊं नये. आपली एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. उंदरांच्या औषधाची पूड पायांस लागेल अशा कोठीत त्यास सोडूं नये. फुलशेती करणारांनीं आणखी एक ध्यानांत धरावें : लिलियमच्या फुलाचा पराग केंसांवर पडून तो चाटला गेला, तरी मूत्रपिंडें निकामी होतात.

अंगावर फवारा उडाला किंवा यंत्राचें तेल लागलें, तर प्रथम फडक्यांत गुंडाळून चाटणें बंद करावें. मग कोंबट पाणी व भांडीं घासण्याचा सौम्य द्रव साबण यांनीं धुवावें, कोरडें करून उबेंत ठेवावें, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जावें. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करूं नये.

पिसवांवर मांजरासाठींच केलेलें औषध पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें, वजन करून, द्यावें. त्याबरोबर अंथरूण, गोणपाट व जमिनीच्या भेगा साफ कराव्या. कारण अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या, अंडीं व अळ्या घरांतच अधिक. पिसू गिळल्यानें पोटांत चपटा जंत होतो. शेपटीखालच्या केंसांस तांदळाच्या दाण्यासारखे कण चिकटलेले दिसले, तर ती त्याची खूण होय.

आहार

केंसांची तकाकी ताटांतून येते. मांजर हें जात्या मांसाहारी. दूध-भाकरीवर तें जगलेलें दिसलें तरी उंदीर-पांखरांनीं तें आपली तूट भरून काढीत असतें. घरांत कोंडलेल्या मांजरास ती सोय नाहीं. टॉरिन नांवाचें आवश्यक द्रव्य त्यास मांसांतूनच मिळतें. तें न मिळाल्यास डोळे व हृदय यांस इजा पोंचते. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचत नाहीं, आणि हगवणीनें मागील केंस भरून गुंता होतो.

पाहणी व नोंद

महसूल खात्यांत पीकपाहणीचा नियम असा कीं, पीक उभें असतांनाच शेतावर जावें. कापणी झाल्यावर केलेली नोंद निरुपयोगी. विंचरणी ही मांजराची पाहणी आहे. एक लहान वही करावी. तींत महिन्यास वजन लिहावें. विंचरतांना दिसलेली गांठ, डाग, जखम तारखेसह नोंदावी. कानांत तपकिरी भुकटी दिसल्यास कानांतील कीड समजावी. नखें दोन-तीन आठवड्यांनीं केवळ पांढऱ्या टोंकापुरतीं कापावीं; आंतील गुलाबी भागांत रक्तवाहिनी असते.

एक लक्षण सर्वांवर ताण आहे. स्वतःस चाटून नीट ठेवणाऱ्या मांजराचे केंस एकाएकीं विस्कटलेले, तेलकट दिसूं लागले, तर दोष केंसांचा नव्हे. तें आजारी आहे, त्याचे दांत दुखत आहेत, किंवा लठ्ठपणानें अथवा वार्धक्यानें त्याची जीभ पाठीपर्यंत पोंचत नाहीं. रॅगडॉल जातींत हृदयाचा एक आनुवंशिक विकार आढळतो. त्याचें मांजर सुस्त पडून अंग चाटणें सोडूं लागलें, तर दिरंगाई करूं नये.

रे रोडच्या लोकांस परळ जवळच आहे. तेथें १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याच आवारांत बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. गांवच्या वाचकांनीं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व वेळ आधींच विचारून ठेवावी. मुंबईहून मांजर आणणाऱ्या मुलांकडून त्याची लसींची पुस्तिका, वजन आणि चालू औषधाचें नांव लिहून घेतल्याशिवाय त्याचा ताबा घेऊं नये. मोजणीशिवाय जमिनीचा ताबा आपण घेत नाहीं, तसेंच हें.

सारांश

आठवड्यांतून तीन वेळ फणी, फणीपूर्वीं हात, गुंत्यास पीठ, कात्रीस मनाई. पावसाळ्यांत कोरडेपणा, उन्हाळ्यांत सावली. गुरांचें व कुत्र्याचें औषध मांजरापासून दूर. आणि संशय आल्यास त्याच दिवशीं पशुवैद्य. जें आपण मांजराच्या ताटांत वाढणार नाहीं, तें त्याच्या अंगावर लागूं देऊं नये. एवढें पाळणाऱ्या घरीं लांब केंसांचें मांजरहि आपल्या गांवठी मांजरासारखें सुखानें नांदेल.